काटे दोन, ऑब्जेक्ट एक: सिंगलटनने घातलेला घोळ

पऱ्हाटी

राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. सकाळी शेत, दुपारनंतर लॅपटॉप, अशी विभागणी आहे. कापसाची खेडा खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याला मी अँड्रॉइड अ‍ॅप करून दिलं. काम म्हटलं तर साधं: काट्याचं वजन ब्लूटूथवरून घ्यायचं, शेतकऱ्याचं नाव आणि भाव टाकायचा, ओलाव्याची घट वजा करायची, पावती छापायची. काट्याच्या इंडिकेटरला मागे सिरियल पोर्ट असतो. त्याला लेव्हल कन्व्हर्टर (व्होल्टेज जुळवणारा) आणि एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं की इंडिकेटर ९६०० बॉडच्या वेगाने सारखे आकडे ओकत बसतो आणि फोन ते वाचतो.

कोटलिनमध्ये क्लासऐवजी 'ऑब्जेक्ट' लिहिलं की सिंगलटन तयार, म्हणजे सगळीकडे एकच आणि कुठूनही हाती लागणारी वस्तू. मी 'काटामॅनेजर' नावाचा एक केला, त्याच्या पोटात ब्लूटूथ सॉकेट (काट्याशी जोडणी) आणि 'ताजंवजन' नावाचं एक व्हेरिएबल. कुठल्याही स्क्रीनवरून 'काटामॅनेजर डॉट ताजंवजन' म्हणा, आकडा हजर. पहिला हंगाम असा गेला की मी स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्या हंगामात दिवाळीनंतर गर्दी वाढली. व्यापाऱ्याने शेडमध्ये दुसरा काटा मांडला. फोन एकच, माणूसही एकच. मला म्हणाला, उद्या सकाळपर्यंत दोन्ही काटे दिसले पाहिजेत. मी रात्रीतून 'डावा' आणि 'उजवा' असे दोन टॅब केले. स्क्रीन तीच दोनदा वापरली. घरी एकच काटा होता, त्यावर दोन्ही टॅब आळीपाळीने तपासले. चालले.

दुपारी फोन आला, लवकर या. गेलो तर एक आजी पावती हातात धरून उभी. पावतीवर ६१.४ किलो. आजी म्हणे, "बाप्पा, एवढा कापूस नसे माह्या गाठोड्यात. डोक्यावर मीच आणला ना." परत काट्यावर ठेवलं, २३.२ भरलं. ६१.४ हे उजव्या काट्यावरच्या पोराचं गाठोडं होतं. दोन सॉकेट, दोन थ्रेड, आणि दोघेही एकाच 'ताजंवजन'मध्ये लिहीत होते. ज्याने शेवटी लिहिलं त्याचा आकडा दोन्ही टॅबवर. क्विंटलला ७००० चा भाव धरला तर एका पावतीत २६७४ रुपयांचा फरक. जास्तीचं वजन सांगणारी आजी होती म्हणून तरी कळलं. त्या दिवशीच्या बाकी पावत्यांचं काय करायचं? कापूस गंजीत पडलेला, परत मोजणार कसा? आठवणीवर तडजोडी झाल्या आणि उरलेलं माझ्या बिलातून कापलं गेलं.

दुसरा त्रास वेगळा. पावती अर्धी भरलेली असताना पासबुकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की परत येईपर्यंत शेतकऱ्याचं नाव गायब. तेही 'चालूव्यवहार' नावाच्या सिंगलटनमध्ये होतं. फोन २ जीबी रॅमचा.

हंगाम संपल्यावर बसलो आणि शोधलं तर हे दोन सिंगलटन ३१ ठिकाणी थेट वापरलेले सापडले. आता डिपेन्डन्सी इंजेक्शनकडे चाललोय. म्हणजे स्क्रीनच्या व्ह्यूमॉडेलने (स्क्रीनमागची माहिती सांभाळणारा क्लास) काटा स्वतः शोधायला जायचं नाही, तो त्याला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे बनवतानाच, हातात द्यायचा. विचारायचं असं: हिल्ट घ्यावं, कोइन घ्यावं (दोन्ही यासाठीच्या तयार लायब्ररी) की हाताने करावं? आणि हे दोन्ही त्रास त्याने जातील ना?


वऱ्हाडी पोट्टा

पऱ्हाटी भाऊ, अर्धं पटलं, अर्धं नाही. चार स्क्रीनचं अ‍ॅप, एकटा माणूस लिहून राहिला, त्याले हिल्ट कायले पाह्यजे? तुमचा घोळ सिंगलटननं नाही केला. दोन काट्याचं वजन तुमी एका डब्यात टाकलं, त्यानं झाला. मॅप केला असता, एका बाजूले काट्याचा पत्ता अन् दुसऱ्या बाजूले वजन, तर सिंगलटन ठेवूनबी भागलं असतं. माह्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडला का पंखा ट्रॅक्टरवानी वाजते. त्यात अजून हिल्टचा, बिल्ड होताना कोड तयार करणारा अ‍ॅनोटेशन प्रोसेसर घालू काय?


मोर्शीकर

आम्ही फ्लटरवाले. संत्र्याच्या बागांची नोंद ठेवायचं अ‍ॅप आहे, त्यात गेट-इट नावाची लायब्ररी वापरतो. एकदा रजिस्टर केलं की कुठूनही मागता येतं. आमचं डिपेन्डन्सी इंजेक्शन झालंय असं आम्ही समजतो. :)


जुना गडी

मोर्शीकर, दुखरी नस आहे म्हणून आधी तुमच्याकडे येतो. गेट-इट हा सर्व्हिस लोकेटर आहे, म्हणजे हाक मारली की वस्तू काढून देणारी यादी. क्लासच्या आतून त्याला हाक मारली की क्लासचा कन्स्ट्रक्टर बघून कळत नाही त्याला काय काय लागतं. ३१ ठिकाणी 'काटामॅनेजर' लिहिण्याऐवजी ३१ ठिकाणी 'गेट-इट' लिहिलं जातं. हां, आतली वस्तू बदलता येते, एवढा फायदा पदरात पडतो. पण गेट-इटची हाक फक्त एका जागी, अ‍ॅप सुरू होताना मारा आणि तिथून पुढे सगळं कन्स्ट्रक्टरने द्या. मग ते खरं इंजेक्शन.

हा फरक जुना आहे. 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखातून रूढ झालं, आणि त्या लेखात त्यांनी सर्व्हिस लोकेटरशी तुलनाही केली होती. सिंगलटन त्याहून जुना, १९९४ च्या चार लेखकांच्या डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकातला. त्या चौघांपैकी एरिक गॅमा यांनीच २००९ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की आज यादी नव्याने केली तर आपण सिंगलटन काढू. बापानेच लेकराचं नाव सातबाऱ्यावरून कमी करावं तसं झालं ते.

पोट्ट्या, तुझा मुद्दा अर्धा बरोबर आहे. वस्तू एकच असणं हा गुन्हा नाही. बारा जणांनी बारा दारांनी येऊन तिच्यात हात घालणं, हा आहे. गावात विहीर एक असली म्हणून बिघडत नाही, पण...


वऱ्हाडी पोट्टा

झालं सुरू. विहीर आली. आता मोट येईन, मग बैल येतीन. काका, कोडवर बोला ना.


जुना गडी

बरं, विहीर मागे घेतो.

मॅपने वजनाचा घोळ मिटला असता, मान्य. पण पऱ्हाटी यांनी आदल्या रात्री दोन काट्यांवर तपासणी का केली नाही? घरी काटा एकच होता म्हणून. 'काटामॅनेजर' खऱ्या ब्लूटूथला घट्ट चिकटलेला, त्यामुळे लोखंडाचा दुसरा काटा आणल्याशिवाय दुसरा टॅब तपासणं शक्यच नव्हतं. व्ह्यूमॉडेलला काटा बाहेरून मिळाला असता, तर त्या रात्री दोन खोटे काटे देऊन पाच मिनिटांत चूक दिसली असती.


पऱ्हाटी

काका, अगदी हेच. आधी मी तपासायचो कसं, सांगू? पुतण्याला काट्यावर उभं करायचो. तो हलला की आकडा हलायचा, उतरला की शून्य. आता तो अकरावीत गेला, बोलावलं तर म्हणतो काका, पिठाचा डबा ठेवा. आणि कापूस तर जूनमध्ये नसतोच. हंगाम सुरू झाल्यावरच चूक सापडणार आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसणार, असं ते दुष्टचक्र होतं.

काल 'काटा' नावाचा इंटरफेस काढला. त्यात दोनच गोष्टी: वजनांचा फ्लो (सतत येत राहणारे आकडे) आणि बंद करायची सोय. 'ब्लूटूथकाटा' ही एक अंमलबजावणी, 'खोटाकाटा' ही दुसरी. खोटा काटा चढत जाणारे आकडे देतो, ५८, ६०, ६१.४, मग तिथे स्थिरावतो. त्याला सांगितलं तर मध्येच जोडणी तोडतो, अर्धीच ओळ पाठवतो, किंवा 'किलो'च्या जागी कचरा पाठवतो. खरा काटा हे सगळं करतोच, फक्त आपण सांगू तेव्हा नाही.

दोन खोटे काटे जुन्या स्क्रीनला द्यायला गेलो तर देताच येईनात. दार कुठे होतं? व्ह्यूमॉडेलचा कन्स्ट्रक्टर रिकामा. तेव्हा डोक्यात उजेड पडला.


लाखांदूरची

आम्ही धान खरेदी केंद्रांसाठीचं अ‍ॅप सांभाळतो, म्हणून दुसऱ्या त्रासावर बोलते. पऱ्हाटी दादा, नाव गायब होण्याचा त्रास डिपेन्डन्सी इंजेक्शनने जाणार नाही. त्या आशेवर राहू नका.

तुम्ही कॅमेरा उघडता, त्याला मेमरी हवी असते, २ जीबीच्या फोनमध्ये ती नसते, म्हणून सिस्टिम मागे पडलेल्या तुमच्या अ‍ॅपची अख्खी प्रोसेस मारते. परत आल्यावर अँड्रॉइड नवी प्रोसेस सुरू करतं आणि होती तीच स्क्रीन उभी करतं. बघणाऱ्याला वाटतं अ‍ॅप तिथेच आहे. पण सिंगलटन नव्या प्रोसेसमध्ये नव्याने जन्मलेला, रिकामा. हिल्टमध्ये 'सिंगलटन' अ‍ॅनोटेशन लावलेली वस्तूही अशीच मरते, तिचं आयुष्य प्रोसेसपुरतंच.

उपाय असा की अर्धी भरलेली पावती रूममध्ये (फोनमधला डेटाबेस) कच्ची नोंद म्हणून लगेच लिहा, आणि सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये (सिस्टिमने प्रोसेस मारली तरी टिकणारी छोटी जागा) तिचा आयडी तेवढा ठेवा. तिथे अख्खी पावती फोटोसकट कोंबू नका. ते सगळं बाइंडरमधून, म्हणजे प्रोसेसमधली माहिती ने-आण करणाऱ्या सोयीतून, जातं, त्याचा बफर साधारण १ एमबीचा आणि तोही पूर्ण प्रोसेसमध्ये वाटून घेतलेला. आमच्याकडे एकाने फोटोचा अख्खा बिटमॅप टाकला होता. केंद्रावरून आलेल्या शिव्या अजून आठवतात.

तपासताना डेव्हलपर ऑप्शन्समधल्या 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज'वर विसंबू नका. त्याने अ‍ॅक्टिव्हिटी मरते, प्रोसेस जिवंत राहते, सिंगलटन ठणठणीत राहतो आणि आपण निर्धास्त होतो. अ‍ॅप होम बटणाने मागे टाका, लॅपटॉपवरून एडीबी शेलमध्ये 'एएम किल' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून परत उघडा. फोर्स स्टॉप करू नका, त्याने जतन केलेली स्थितीही जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.


पऱ्हाटी

ताई, आत्ता करून पाहिलं. नाव गायब. दोन हंगाम मी 'फोन जुना आहे' म्हणून व्यापाऱ्याला नवा फोन घ्यायला सांगत होतो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?


लाखांदूरची

नवा घेतला नाही ना अजून? मग काहीच बोलू नका.


पुसदचा विद्यार्थी

बीसीएला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. रूमच्या डेटाबेसचा तर सगळीकडे सिंगलटनच शिकवतात. व्होलाटाइल, सिंक्रोनाइज्ड, गेटडेटाबेस वगैरे. सरांनी परीक्षेलाही तेच विचारलं होतं. मग ते चूक आहे का?


जुना गडी

बाळबोध नाही, सगळ्यांचा इथेच गोंधळ होतो. डेटाबेसची वस्तू एकच हवी, हे बरोबर. ती बनवायला महाग आहे. शिवाय त्याच फाइलवर रूमच्या दोन वस्तू उघडल्या, तर एकीने लिहिलेलं दुसरीच्या फ्लोला आपोआप कळत नाही, त्यासाठी वेगळी सोय चालू करावी लागते. पावती जतन होते आणि यादीत दिसत नाही, असले प्रकार त्यातून होतात.

पण 'एकच बनव' आणि 'कुणीही कुठूनही ओढ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंगलटनमध्ये त्या एका गाठीत बांधलेल्या असतात. इंजेक्शनमध्ये एकदाच बनवायची जबाबदारी बनवणाऱ्याची, वापरणाऱ्याला पत्ताच नसतो की ही एक आहे की दहा. टेस्टमध्ये त्याच क्लासला मेमरीतला डेटाबेस देता येतो. टेस्ट संपली की तो फेकला. एका टेस्टची पावती दुसऱ्या टेस्टमध्ये डोकावत नाही. सिंगलटन असताना टेस्ट एकेकट्या चालवल्या तर पास आणि सगळ्या मिळून चालवल्या तर नापास, हा अनुभव घेतला असशील किंवा घेशील.

परीक्षेत मात्र सरांना हवं तेच लिही.


आयफोनवाला नागपूरकर

आमच्याकडे 'शेअर्ड' नावाच्या सिंगलटनचं पीक आहे. एक मधली वाट सांगतो. इनिशियलायझरला (आमचा कन्स्ट्रक्टर) पॅरामीटर काढायचं आणि त्याची डीफॉल्ट किंमत 'डॉट शेअर्ड' ठेवायची. जुना कोड जसाच्या तसा चालतो, टेस्टमध्ये दुसरी वस्तू देता येते. दर आठवड्याला दोन-तीन क्लास असे उघडे करत गेलो, एकदाही अ‍ॅप बंद ठेवावं लागलं नाही. कोटलिनमध्येही डीफॉल्ट पॅरामीटर आहेतच.


मोर्शीकर

ही युक्ती आवडली. वाचनखूण साठवली. गेट-इटबद्दल काल रागावून झोपलो होतो, सकाळी कोड उघडला. काका, तुम्ही बरोबर होता. एका विजेटमध्ये सात ठिकाणी हाक.


वऱ्हाडी पोट्टा

आता मूळ प्रश्नावर या ना कोणी. हिल्ट का कोइन?


जुना गडी

वंशावळ थोडक्यात. अँड्रॉइडच्या जगात स्क्वेअर कंपनीने २०१२ च्या सुमारास डॅगर आणलं, पुढे गूगलने डॅगर २ केलं, आणि २०२० मध्ये त्यावरच सोपं केलेलं हिल्ट आलं. याची खासियत अशी की जोडणी कंपाइल होताना तपासली जाते. काही द्यायचं राहिलं तर बिल्डच होत नाही. संदेश मात्र असा येतो की वाचताना चहा थंड होतो. कोइन शुद्ध कोटलिनमध्ये लिहायचं, शिकायला सोपं, पण मुळात ते कंपाइल होताना नाही, प्रोग्रॅम चालू असताना वस्तू शोधतं. एखादी नोंद विसरलात आणि ती स्क्रीन कुणी उघडली नाही, तर चूक लपून राहते. त्यासाठी त्यांची तपासणीची सोय आहे, ती टेस्टमध्ये आठवणीने चालवायची.

माझं मत विचाराल तर चार स्क्रीनला दोन्ही नको. अ‍ॅप्लिकेशन क्लासमध्ये 'कंटेनर' नावाचा एक साधा क्लास ठेवा, त्यात डेटाबेस, रिपॉझिटरी, प्रिंटर बनवा आणि व्ह्यूमॉडेल फॅक्टरीतून पुढे द्या. पन्नास-साठ ओळींचं काम. स्क्रीन वीसच्या वर गेल्या की हिल्ट घ्या. तेव्हा क्लास आधीच उघडे असतील, अ‍ॅनोटेशन तेवढी लावायची.


वऱ्हाडी पोट्टा

हे जमते. हाताचं करू म्हटलं असतं आधीच तर मी भांडलोच नसतो.


लाखांदूरची

आमच्याकडे चाळीसेक स्क्रीन आणि पाच जण, तिथे हिल्टशिवाय निभावलं नसतं. नवा मुलगा आला आणि डेटाबेसची दुसरी वस्तू बनवून बसला, असं होत नाही. आणि पोट्टे दादा, तुमच्या पंख्यासाठी: अ‍ॅनोटेशन प्रोसेसिंगला कॅप्टऐवजी केएसपी वापरा, बिल्डला फरक पडतो.

हाताने करताना एक सांभाळा. कंटेनर अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे, म्हणजे अ‍ॅप जगेल तोवर तो जगणार. त्यातल्या कुठल्याही वस्तूला अ‍ॅक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट देऊ नका, अ‍ॅप्लिकेशनचा द्या. नाहीतर फोन आडवा-उभा केला की जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मेमरीत अडकून राहते. २ जीबीच्या फोनवर ते परवडत नाही.


पऱ्हाटी

हाताने करायला घेतलं. तीन दिवसांचा हिशोब देतो.

पहिल्या दिवशी डीफॉल्ट पॅरामीटरच्या युक्तीने ३१ पैकी १९ जागा सुटल्या. दुसऱ्या दिवशी पावतीच्या व्ह्यूमॉडेलला हात घातला आणि त्याचा कन्स्ट्रक्टर नऊ पॅरामीटरचा झाला. काटा, प्रिंटर, भाव, शेतकरी, पावती, घट, एसएमएस, सेटिंग, घड्याळ. आधी वाटलं ही पद्धतच फालतू आहे, केवढी लांबड. मग कळलं की नऊ गोष्टी तो क्लास आधीही वापरत होता, फक्त सिंगलटनच्या आडून. आत्ता उघड्यावर आल्या. त्याचे तीन तुकडे केले, वजन, हिशोब आणि छपाई. हिशोबाच्या तुकड्याला ना काटा लागतो ना फोन. त्याच्या टेस्ट लॅपटॉपवर क्षणात होतात. ओलाव्याच्या घटीत पैसे पूर्णांकात करतानाची एक चूक तिथे लगेच सापडली, दोन हंगामांची.

आता अडलोय ते इथे: काटा कंटेनरमध्ये ठेवला तर परत एकच होतो. 'डावाकाटा' आणि 'उजवाकाटा' असे दोन ठेवू का?


जुना गडी

नका ठेवू. उद्या तिसरा काटा आला की परत रात्रपाळी. काटे किती आणि कुठले, हे कोड लिहिताना ठाऊक नसतं, शेडमध्ये जोडल्यावर ठरतं. कंटेनरमध्ये काटा नको, 'काटाफॅक्टरी' ठेवा. व्ह्यूमॉडेलला ती फॅक्टरी आणि काट्याचा पत्ता मिळेल, तो फॅक्टरीला म्हणेल, या पत्त्याचा काटा दे. प्रत्येक टॅबचा काटा वेगळा, टॅब बंद झाला की त्याचं सॉकेट बंद. हिल्टवर गेलात तर यालाच असिस्टेड इंजेक्शन म्हणतात.


वऱ्हाडी पोट्टा

अन् पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसच धरजा भाऊ (मॉड्यूलचा सवताचा नंबर), नाव नको. एचसी-०५ डब्यातून निघते तवा सारखंच नाव असते, पिनबी बहुतेक १२३४. माह्या मामाच्या दुकानात दोन मॉड्यूलची अशीच अदलाबदल झाली होती. कोड चोख होता, चूक भलतीकडेच.


पऱ्हाटी

पोट्ट्या, तुझे उपकार. माझ्या सेटिंगमध्ये नावच साठवलेलं होतं. पत्ता केला, आणि दोन्ही मॉड्यूलवर एक लाल, एक निळा टेप लावला. टॅबलाही तेच रंग.

काल रात्री दोन खोटे काटे, एक ६१.४ वर आणि एक २३.२ वर, दोन टॅबना दिले. आळीपाळीने नाही, एकाच वेळी. हजार वेळा फिरवलं. तीच टेस्ट जुन्या 'काटामॅनेजर'वर चालवायला त्यालाही इंटरफेसचं कातडं घातलं, तर पहिल्या फेरीतच नापास. टेस्टचं नाव 'आजीचंगाठोडं' ठेवलंय.


पुसदचा विद्यार्थी

दादा, तो खोटा काटा इथे टाकाल का? प्रोजेक्टला घेतो.


पऱ्हाटी

टाकतो. आत्ता लाइन गेली आहे, लॅपटॉप १२ टक्क्यांवर. रात्री आली तर रात्री, नाहीतर सकाळी फवारणीहून आल्यावर.